पेन्सिल दादाची, शाई धाकट्याची

धाकट्याने शाईचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन पाहिला. पातळ होती, पण चालून जाणार होती. सत्तरी उलटली तरी घरात आणि धंद्यात तो धाकटाच. शेजारी माइकसमोर त्याचा दादा रंगात आला होता.

सभागृहाच्या भिंतींवर दोघा भावांच्या जुन्या भयचित्रकथांची पानं टांगली होती: थडग्यातून निघालेले हात, डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबण्या असलेल्या बायका. दादा पेन्सिलने काढायचा, धाकटा शाईने गिरवायचा. एकेकाळी मुलं ही पुस्तकं उशीखाली लपवून वाचत. मग पालक खवळले, शाळांच्या आवारात गठ्ठेच्या गठ्ठे जाळले गेले आणि चौकशी समिती बसली. तिच्यापुढे कुणीतरी धाकट्याकडे बोट दाखवलं. त्यानंतर मुलांच्या पुस्तकात एक रेघही त्याला कुणी ओढू दिली नाही. उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला.

हे काम त्या पुस्तकांच्या प्रकाशकाचंच, असं धाकटा धरून चालला होता. प्रकाशकाने शपथा घेतल्या, पण धाकट्याने त्याला दारातूनच परत पाठवलं. प्रकाशक वारला तेव्हा अंत्ययात्रेलाही पाऊल उचललं नाही. दादा मात्र पाठीशी उभा राहिला. पाट्यांचं पहिलं काम त्यानेच मिळवून दिलं होतं आणि ते उपकार धाकटा येताजाता लोकांना सांगायचा.

श्रोत्यांतून कुणीतरी त्या समितीबद्दल विचारलं.

"काय सांगू," दादा हसत म्हणाला. "माझी तर पाचावर धारण बसली होती. मी म्हटलं, साहेब, माझी पेन्सिल म्हणजे गरीब गाय. रक्त, दात, काळोख, सगळं आमच्या धाकट्याचं. घ्या त्याचं नाव लिहून."

सभागृह खदखदून हसलं. इतक्या वर्षांत गोष्ट शिळी झाली, आता ती सांगायला हरकत नाही, असं दादाला वाटलं असावं. सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता, आणि धाकटा जन्मभर त्याचेच गोडवे गात आला होता. प्रकाशकाची माफी मागायची सोयही आता राहिली नव्हती.

मग दोघांनी लोकांसमोर एक चित्र काढायचं ठरलं होतं. दादाने झरझर विहिरीतून वर येणारं भूत काढलं, सवयीप्रमाणे कोपऱ्यात दोघांची नावं लिहिली आणि कागद सरकवला.

धाकट्याने ब्रश उचलला. विहिरीचे दगड, भुताची बोटं, मागची रात्र, सगळं त्याने ब्रशने भरलं. लोक खुर्च्या सोडून भोवती जमले. शाई वाळल्यावर त्याने नेहमीसारखा पूर्ण कागदावर खोडरबर फिरवला. पेन्सिल गेली, शाई राहिली. टाळ्या पडल्या.

दादा कोपऱ्याकडे वाकला.

"अरे, माझं नाव गिरवायचं राहिलं."

"राहिलं नाही, दादा. तू एकच नाव सांगितलं होतंस, तेवढंच ठेवलंय."

टाळ्या थांबायला वेळ लागला; तोवर धाकटा ब्रश धुवायला उठून गेला होता.