सुलाबाईचा ठिपका

बोरी गावात आश्रुबांच्या दारापुढच्या कडुलिंबाला नागपंचमीचा झोका बांधायचा तो त्यांनी वळलेल्या अंबाडीच्या चऱ्हाटाचाच, हा चाळीस वर्षांचा रिवाज. यंदा मात्र लेकानं, भारतनं, जिंतूरहून नायलॉनचा दोर आणून ठेवला. चऱ्हाट वळायला दुसरं टोक धरणारं माणूस लागतं, आणि भारतला दोन वर्षांपासून ते टोक धरायला सवड नव्हती, जुन्याच चऱ्हाटावर भागत होतं. आश्रुबांच्या मनाला हे फार लागलं होतं.

"आबा, लेकीबाळी बसत्यात. तुटलं तर?" भारत म्हणाला.

"चाळीस वर्सात कोन पडलंय, नाव सांग."

रोजची ही हुज्जत ऐकून भारतची लेक ऋतिका वैतागली. ती परभणीला इंजिनिअरिंग शिकत होती, आणि तिच्या कॉलेजात कुठलीही वस्तू ओढून तोडणारं यंत्र होतं. तिनं दोन्ही दोरांचे तीन-तीन तुकडे कापले आणि बापाला, आजोबाला सोबत घेऊन गेली.

यंत्राच्या जबड्यात चऱ्हाट तीनशे किलोंच्या आसपास काडकन तुटलं. नायलॉन सहाशेच्या पुढं गेलं. तिन्ही खेपांना तेच. भारतनं मिशीवरून हात फिरवला. आपलं चऱ्हाट तुटलेलं आश्रुबा जन्मात पहिल्यांदाच बघत होते. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

पण म्हातारा चिवट. यंत्राच्या पडद्यावर दोन्ही दोरांच्या दोन रेघा उमटल्या होत्या, त्यांच्याकडं बघत त्यांनी विचारलं, "ह्याच्यात आपली सुलाबाई कुठं हाय?"

सुलाबाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. दर पंचमीला पोखर्णीहून माहेरी यायची, झोक्यावर पहिला मान तिचा आणि वजन नव्वद किलो.

ऋतिकाला हसू आलं, तरी तिनं दोन्ही रेघांवर नव्वद किलोंशी ठिपका दिला. "आबा, वर जाईल तसं वजन वाढतं, आडवं जाईल तसा दोर लांबतो." चऱ्हाटाचा ठिपका आडवा फारसा सरकलाच नव्हता. नायलॉनचा चांगलाच लांब गेला होता.

"बघ," आश्रुबा म्हणाले.

"पन तुटत तर न्हाई ना," भारत म्हणाला आणि पंचमीला त्यानं नायलॉनच बांधलं.

सुलाबाई पदर खोचून पाटावर बसली. दोर तुटला नाही, अजिबात नाही. तो नुसता लांबत गेला आणि सुलाबाई अलगद चिखलात टेकली.

"भारत, मी झोका मागितला होता," ती बसल्या जागेवरून म्हणाली, "बसायला पाट न्हाई."

पोरी हसून लोळल्या. आश्रुबांना हसू दाबताना ठसका लागला. भारतनं चऱ्हाट आणून लटकवलं, तर तपासणीला तीन तुकडे दिल्यामुळं ते आखूड पडलं. पाट छातीला लागायला लागला.

"आता शिडी लावता का मला?" सुलाबाईनं विचारलं.

 भारत घरात जाऊन वाख, अंबाडीच्या तंतूंची जुडी, घेऊन आला, एक टोक बापाच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरून समोर बसला.

"वळा, आबा. आत्या खोळंबल्यात."

आश्रुबांनी पीळ द्यायला सुरुवात केली. भारतनं दुसरं टोक घट्ट धरलं होतं.