दारुड्या काका

नव्या शाळेत तिला सगळे ‘काका’ म्हणत. नाटकात ती दारुड्या काकांचं काम करत होती, मिशी लावून आणि जीभ जड करून. जुन्या शाळेत ती ‘शुगरवाली’ होती. जेवणाची वेळ झाली की बाई ओरडायच्या, “अगं, तुझं इंजेक्शन!” आणि अख्खा वर्ग माना वळवायचा. इथे तिनं कोणालाच काही सांगितलं नव्हतं. आईला मात्र ‘सांगितलंय’ असं ठोकून दिलं होतं.

आज मधल्या सुट्टीत तिनं स्वच्छतागृहात घाईघाईनं इन्सुलिन टोचून घेतलं आणि तेवढ्यात सरांनी तालमीला हाक मारली. डबा उघडायचा राहिला; इन्सुलिन घेऊन जेवलं नाही की साखर झपकन उतरते, हे तिला माहीत होतं. ‘जेवून येते’ म्हटलं तर कारण विचारतील. ती गुपचूप रंगमंचावर चढली.

दुसऱ्या प्रवेशात तळवे ओले झाले. एक पाऊल भलतीकडेच पडलं. पाठ असलेलं वाक्य अर्ध्यातच अडलं.

“वा!” सर खालून ओरडले. “आज खरी चढलीय काकांना!”

पोरं हसली. नाटकातली काकू, म्हणजे वर्गातली ठेंगणी, झाडू उगारून पुढे आली. “मेल्या, परत ढोसून आलास?”

आणखी थोडा वेळ गेला तर शब्दच सापडणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पण टाळ्या पडत होत्या. एक वाक्य बोलू, मग थांबू. मग आणखी एक. ती खुर्ची धरायला गेली, आणि खुर्ची हाताला लागलीच नाही.

“साखर द्या मला,” ती पडल्या जागेवरूनच म्हणाली.

“काकांना चकणा पाहिजे!” कोणीतरी ओरडलं.

“हे नाटकात नाही,” सर म्हणाले, “पण राहू दे. झकास आहे.”

तिनं मिशी ओढली. डिंक पक्का होता, ओठ सोलवटला. “काका नाही, मी बोलतेय. मला डायबेटिस आहे. गोड काहीतरी... आत्ता.”

ठेंगणीनं झाडू टाकला, धावत जाऊन स्वतःची ज्यूसची बाटली आणली आणि तिच्या तोंडाला लावली.

सर रंगमंचावर येऊन तिच्याजवळ उकिडवे बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. “आधी सांगायचं नाही का गं? मी टाळ्या पिटत बसलो!” मग ते म्हणाले, “हे काम दुसऱ्या कोणाला तरी देऊ. तू आराम कर.”

छाती अजून धडधडत होती. शुगरमुळे की रागामुळे, तिला कळेना.

“काम माझं आहे, सर.”

“पण आम्हाला कळायचं कसं?” ठेंगणी म्हणाली. “खरी चक्कर कुठली नि नाटकातली कुठली?”

“नाटकात मला घाम येत नाही. हात लावून बघायचा.”

ठेंगणीनं लगेच तिच्या कपाळाला हात लावला आणि तो स्वतःच्या फ्रॉकला पुसला. “शी! अजून ओलीचिंब आहेस, काका.”

“आधी शुगर बघू,” सर म्हणाले. “मग ठरवू.”

ज्यूस पोटात जाऊन जरा वेळ झाल्यावर तिनं दप्तरातलं शुगर मोजायचं यंत्र काढून सगळ्यांसमोर बोट टोचलं. सरांसकट सगळी डोकी त्या इवल्या यंत्रावर झुकली. आकडा अजून यायचा होता.