जंबेरीचा खुंट

"हे काय बांधून राह्यला तू? कोणाले विचारून?"

रुखमाबाईने वाफ्यातलं रोप मुळासकट उपटलं आणि मुखरूच्या पुढ्यात टाकलं. त्याने नुकताच त्या रोपावर कलमासाठी संत्र्याचा डोळा बसवून वरून केळीच्या सालीचं सोप गुंडाळलं होतं. चाकू हातातच राहिला.

"महाळुंगाचा खुंट आहे, माय. त्याच्यावर संत्रा लवकर धरते. दुसऱ्या-तिसऱ्या सालीच फळ."

"अन् झाड किती दिवस?"

"हलक्या धानासारखं समज. लवकर येते, लवकर जाते."

"अन् त्या वाफ्यात काय आहे?"

"जंबेरी, रानलिंबू. तो भारी धान. पाच-सा वर्षं वाट पाहा लागते. पण मंग झाड नातवाले पुरते."

"मंग जंबेरीवरच डोळे भर. ज्याची कोठी आखाडातच खाली होते, त्यानं रोवावा हलका धान. माह्या बांधीत भारीच रोवते मी."

"पण तेवढे दिवस कोन..."

"कोन काय? कुठी जाऊन राह्यला तू?"

मुखरूने मान फिरवली आणि कुंपणाकडे तोंड करून खोकला. खोकला लवकर थांबेना. रुखमाबाई तेवढा वेळ बोडीच्या पाण्याकडे पाहत उभी राहिली. तो थांबल्यावर तिने महाळुंगाचा अख्खा वाफा आपल्या हाताने उपटून काढला.

मालगुजारी गेली त्या सालात मुखरू काटोलकडच्या संत्र्याच्या बागेतून घरी परतला होता. वडशाच्या पलीकडे, धानाच्या मुलखात, संत्र्याचं झाड लावायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. तो कलम बांधायची विद्या घेऊन आला, आणि छातीतला रोगही. चांद्याच्या डॉक्टरने जे सांगितलं ते सून वच्छलेने ऐकलं, मुखरूने ऐकलं. रुखमाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली, आत गेलीच नाही. गावातली कोणी बाई विचारायला आली, "पोरगा कसा आहे, बाई?" की तिचं उत्तर तयार असे, "तुह्या नवऱ्यापेक्षा बरा आहे."

जंबेरीवर भरलेली कलमं धानाच्या बांध्यांच्या वरच्या उंचवट्यावर लागली. पानं काळीशार, बुंधे जोमदार. झाडं मनगटाएवढी झाली तशी मुखरूची मनगटं काड्यांसारखी झाली.

चौथ्या सालच्या माघात झाडांवर चुकार फुलं दिसली. कोवळ्या झाडाचा पहिला बार ठेवत नाहीत. झाडाची ताकद फळात जाते आणि अंग भरत नाही. मुखरू पाट घेऊन झाडाखाली बसला आणि एकेक फूल खुडू लागला. दोन फुलं खुडली की दम घ्यायचा, मग पुन्हा हात वर करायचा. रुखमाबाई मागे येऊन उभी राहिली.

"एवढी फांदी राहू दे," ती म्हणाली.

"झाड कमजोर होते, माय."

"होऊ दे."

"तुले नातवाले पुरंल असं झाड पायजे होतं ना?"

"राहू दे म्हटलं ना!"

आवाज चढवायला गेली आणि मध्येच तो फाटला. मुखरूने वळून तिच्याकडे पाहिलं. पोरगा जाणार हे या बाईने आजवर कोणापुढे मान्य केलं नव्हतं, देवापुढेसुद्धा नाही. आज एका फांदीसाठी तिने ते त्याच्याच तोंडावर सांगून टाकलं होतं. दोघांनाही ते कळलं. मुखरूने हात खाली घेतला.

"बरं. राह्यली." मग खुडलेली फुलं बाजूला सारत म्हणाला, "तू बरोबर केलं, माय. जंबेरीच चांगली."

उपटलेल्या महाळुंगाला एव्हाना फळ आलं असतं. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसलं असतं.

त्या फांदीवर एकच फळ टिकलं. आखाडात ते लिंबाएवढं झालं, श्रावणात त्याहून मोठं. लोक धानाच्या रोवण्यात गुंतले होते. मुखरूला आता उठवत नव्हतं. एका उघडिपीच्या सकाळी सासूसुनेने त्याची बाज उचलली आणि चिखलातून, बांधाबांधाने, झाडाखाली नेऊन ठेवली. कोणाला हाक मारली नाही.

"तोडून देते," रुखमाबाई म्हणाली. "आंबट तर आंबट."

"नाई. पिकू दे."

तिने फांदी वाकवली. मुखरूने ते हिरवं फळ तळहातावर तोललं, अंगठ्याने साल चोळली, अंगठा नाकाशी नेला. "वजन धरून राह्यलं," तो म्हणाला. मग डोळे मिटले. वच्छला तोंडात पदर कोंबून बांधाकडे चालती झाली.

रोवणा संपायच्या आत तो गेला.

मार्गशीर्षात फळ पिवळं झालं. पहिलं फळ देवापुढे ठेवल्याशिवाय त्या घरात कोणी तोंडाला लावत नसे. तो दंडक रुखमाबाईचाच. सकाळी ती एकटी बागेत गेली. दव होतं. तिने फळ तोडलं आणि झाडाला पाठ लावून उभ्या उभ्याच सोललं. देवाला दाखवलं नाही, सुनेसाठी ठेवलं नाही. एकेक फोड खाल्ली, बिया तळहातावर थुंकल्या, शेवटची फोडही खाल्ली.

निदान आंबट तरी निघायचं होतं.

गोड होतं. तिने पदराने तोंड पुसलं, कुदळ उचलली आणि पुढच्या झाडाचं आळं उकरायला लागली.