धरलंय रे, जा

मी चष्मा बोलतोय. नंबराचा नव्हे, भीतीचा. मला डोळ्यांवर चढवलं की खोली नाहीशी होते आणि माणूस ज्याला घाबरतो तेच समोर उभं राहतं. कुणाला कुत्रा, कुणाला बंद लिफ्ट. रोज थोडं थोडं पाहिलं की भीती बोथट होते, असं आमच्या डॉक्टरबाई म्हणतात.

खरं तर माझा जन्म खेळासाठी. दुकानात पोरंटोरं मला घालून राक्षस मारायची. मग एका गेमवाल्याने मला उचलून या दवाखान्यात आणलं. इथे राक्षस मारायचे नसतात, त्यांच्यासमोर नुसतं उभं राहायचं असतं. हे काम जास्त जड, घामावरून सांगतो. सगळ्यांचा घाम माझ्याच स्पंजात मुरतो.

अशात एक रंगारी आला.

तो आणि त्याचा थोरला भाऊ उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचे. एक जण दोरांना टांगलेल्या फळीवर उतरायचा, दुसरा गच्चीवर दोर सांभाळायचा. वरच्याने "धरलंय रे, जा" म्हटल्याशिवाय फळीवर पाय टाकायचा नाही, हा त्यांचा नियम. एका सकाळी थोरला फळीवर होता. धाकट्याने "धरलंय" म्हटलं, आणि खरंच धरलं होतं. पण दोर ज्याला बांधला होता तो कठडाच निखळला, आणि थोरला गेला. तेव्हापासून धाकट्याला स्टुलावरही चढवेना. दुसरं काम येत नव्हतं, आणि आता वहिनी नि तिची पोरंही त्याच्याच भरवशावर.

गेमवाल्याने माझ्यात गच्ची उभी केली, फळी टांगली. रंगारी काठाशी यायचा आणि थिजायचा.

"काय अडतंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पाठून कुणी बोलत नाही," तो म्हणाला. "दादा बोलल्याशिवाय पाय कसा टाकू?"

वहिनीच्या मोबाइलवर थोरल्याचा कामावरचा एक व्हिडिओ होता. गेमवाल्याने त्यातला थोरल्याचा आवाज काढून माझ्यात घातला. रंगारी थबकला की आवाज यावा, अशी सोय केली. करायला गेला एक आणि झालं भलतंच.

पुढच्या खेपेला आवाज आला. "धरलंय रे, जा." रंगाऱ्याने फळीवर पाय टाकला. डॉक्टरबाई खूश झाल्या. मी मात्र त्याच्या डोळ्यांना चिकटलेला. हळूहळू मला कळलं, तो मुद्दाम थबकतोय. थबकायचं, दादाला बोलवायचं, पुन्हा थबकायचं. उंचीची भीती कधीच गेली होती, आता त्याला परत यायचंच नव्हतं. फळीवर बसून तो गप्पा मारायचा, पोरांच्या शाळेच्या, वहिनीच्या तापाच्या. उत्तर एकच यायचं. मला ते सोसवेना. मी तापायचो, चित्र अडकायचं, तरी तो मला काढायचा नाही.

शेवटी डॉक्टरबाईंनी वहिनीला बोलावलं. ती त्याच्या शेजारी बसून राहिली, माझ्यातून बाहेर झिरपणारा तो आवाज ऐकत.

"भावजी," ती हलकेच म्हणाली, "ते इतक्यांदा जा म्हणतायत. तुम्ही जात का नाही?"

माझ्या आत ओल साचली. मग तो म्हणाला, "दादा, सोड आता. मी जातो." आणि त्याने स्वतःच्या हातांनी मला उतरवलं.

आवाज त्याच दिवशी पुसला. पुढे एकदा तो भेटायला आला तेव्हा त्याच्या नखांत ताजा रंग होता. "नवा जोडीदार मिळाला," म्हणाला. "आवाज किनरा आहे मेल्याचा, पण धरतो नीट."

आता मी म्हातारा झालोय. पट्टा सैल, बॅटरी दमलेली. परवा कुत्र्यांना घाबरणारी एक टपालवाली मला घालून उभी होती. समोर कुत्रा होता, पाऊल उचलत नव्हतं. मग उचललं. मला कपाळावर सरकवत तिने विचारलं, "पाठून 'धरलंय रे, जा' असं कोण म्हणालं हो?"

डॉक्टरबाईंचा चेहरा पांढरा पडला. गेमवाल्याने मला आतून-बाहेरून तपासलं. काही सापडलं नाही.

मीही काही सांगणार नाही. एवढीच विनंती आहे. कधी मला घातलंत आणि पाठून आवाज आला, तर मागे वळून पाहू नका. त्याने धरलेलं असतं. तुम्ही जा.