पिकअपचं झाकण

पांढरकवड्याला कलीमच्या वेल्डिंगच्या दुकानात हरिसिंगचा जीव थाऱ्यावर नव्हता. पिकअपच्या मागच्या उघड्या डाल्याला पक्कं झाकण बसवायचं, इतकंच ठरलेलं. तरी तो फायबरच्या झाकणाला हात लावी, पुन्हा लोखंडी पत्र्याकडे वळे, मध्येच रस्त्याकडे बघे.

"माल काय भरतं तू?" कलीमनं विचारलं.

माल कसला डोंबलाचा! गाडी घेतल्यापासून तांड्यातला जो तो न विचारता मागं चढून बसे. तोंडावर नाही म्हणायची हरिसिंगची छाती नव्हती. झाकणानंच काय ते नाही म्हणावं.

"मजबूत पाह्यजे," तो म्हणाला.

"मंग लोखंडीच घे. चार माणसं नाचली तरी वाकत नाही."

संध्याकाळी झाकणाला कुलूप घालून तो निघाला. केळापूरच्या फाट्यावर कापूस वेचून परतणाऱ्या तांड्यातल्या बाया उभ्याच होत्या. त्यानं काच खाली केली.

"पाह्य ना काकी, आता जागाच नाही राह्यली."

सुखीकाकीनं झाकणावर मूठ आपटून पाहिली, खांद्यावरचं पोतं वर अंथरलं आणि चढून ऐसपैस मांडी घातली.

"बरं केलं रे बाप्पा! खाली उकिडवं बसून कंबर मोडे आमची."