मला वाळवी लागू द्या

मित्रांनो, मी एक जुना किगांगो आहे. केनियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गिर्यामा लोकांत घरातला मोठा माणूस गेला की त्याच्या नावाचा कोरीव लाकडी खांब झाडाखाली रोवतात. मी म्हाताऱ्या न्गुम्बाओचा. वर गोल डोकं, अंगभर कोरलेले त्रिकोण, कमरेला लाल-पांढऱ्या चिंध्या. माझं लाकूड चिवट, पण आज ना उद्या वाळवी मला खाणार. मी मातीत मिसळलो की न्गुम्बाओ मोकळा आणि त्याची बायको म्बोद्झेही मोकळी. त्यासाठीच मला उन्हापावसात ठेवलं होतं.

म्बोद्झे करवंटीतून माझ्या मुळाशी माडी ओतायची. "घ्या, प्या. जिवंतपणी कधी पुरे म्हणालात?" असं म्हणून तिथेच रडायची आणि मग कामाला लागायची.

एकदा ती बाजाराला गेली असताना चोरांनी मला उपटलं आणि समुद्रकाठच्या एका हॉटेलात विकलं. तिथे मला साबणाने घासलं, चिंध्या कचऱ्यात टाकल्या आणि अंगावर चकचकीत वार्निश चोपडलं. पाहुणे माझ्या डोक्यावर ओले टॉवेल वाळत घालायचे. एकाने तर माझ्या कपाळावर सिगारेट विझवली. शी! मेलेल्या माणसाच्या कपाळावर!

शेवटी म्बोद्झेचा पुतण्या लुवुनो, जो आता पुढारी झाला आहे, त्याने माझा शोध लावला. वाजतगाजत मला गावी आणलं. मी हरखलो. पण झाडाखाली बघतो तर सिमेंटचा चौथरा, वर पत्रा, भोवती लोखंडी गज आणि कुलूप! पाऊस पत्र्यावर वाजायचा, मला शिवायचाही नाही. म्बोद्झेने गजांतून ओतलेली माडी वार्निशवरून घसरून चौथऱ्यावर आंबायची, आणि तिच्यावर माश्या घोंगावायच्या. हॉटेलवाले निदान परके होते. इथे मला घरच्यांचीच किळस आली.

"काकू, आता शंभर वर्षं याला काही होणार नाही," लुवुनो ऐटीत म्हणाला.

"म्हणजे शंभर वर्षं मी रडत बसू?" म्बोद्झे कडाडली. "अरे, काकाचं स्मारक बांधलंस की कोंबड्यांचं खुराडं?"

"आणि चोर परत आले तर?"

"चोरांनी एकदाच नेलं त्यांना. तू तर रोज अडवतोयस. माझे गुडघे गेले, डोळे चाललेत. माझ्याआधी त्यांना मातीत जाऊ दे रे!"

लुवुनो हसण्यावारी नेऊ लागला. तेव्हा म्हातारी पिंजऱ्याला पाठ लावून बसली आणि समोर आलेल्या मक्याच्या पिठाच्या उगालीला तिने हात लावला नाही. गावचे जाणते एकेक करून तिच्या शेजारी येऊन बसले. त्यांच्यासमोर लुवुनोची मान खाली गेली. त्याने कुलूप उघडलं आणि चौथरा स्वतः फोडला.

मला पुन्हा जुन्या खड्ड्यात रोवलं. म्बोद्झे बसून बसून करवंटीच्या धारदार कडेने माझं वार्निश खरवडत राहिली. तिची बोटं सोलवटली, पण तिने कुणाला हात लावू दिला नाही.

मित्रांनो, आम्हाला जपायचं असेल तर आमच्याशी बोलायला या. रंग, पत्रे आणि कुलपं घेऊन येऊ नका.

परवा म्बोद्झे माझ्या बुंध्यावरून हात फिरवत होती. तिच्या बोटांना मातीची एक बारीक, ओलसर रेघ लागली. तिने ती पुन्हा चाचपली, आणि रडता रडता हसत माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, लागली हो वाळवी! निघा आता सावकाश."