वडिलांचा पक्षी

परदेशी पुरुष-मासिकाची इंडोनेशियातली आवृत्ती निघाली, तेव्हा जावा बेटावरच्या कोटागेडे गावातल्या एका मोहल्ल्यात ती कुणीच पाहिली नव्हती. त्यामुळे तिच्याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. मशिदीच्या समितीने निषेधाचं पत्र पाठवायचं ठरवलं. पण अश्लील मजकूर नेमका कोणता, ते पत्रात यायला हवं, असं अध्यक्ष हाजी मक्मून म्हणाले. म्हणजे कुणीतरी ते वाचणं आलं. सगळे आपापल्या चहात बघू लागले. ही जबाबदारी दुसऱ्या कुणावर पडू नये, असं प्रत्येकालाच वाटत होतं.

"गुरुजी वाचतील," हाजी म्हणाले. "त्यांचं वय झालंय. शिवाय व्याकरणही बघतील."

असा तो प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला अंक निवृत्त भाषाशिक्षक विग्न्यो गुरुजींच्या हाती आला. त्यांच्या कपाटावरच्या बॅगेत तसाच एक अंक आधीच होता, लेखकाची प्रत म्हणून आलेला.

जावामध्ये पुरुष पुरा व्हायला पाच गोष्टी लागतात: घर, बायको, घोडा, कट्यार आणि पक्षी. घोड्याच्या जागी आता मोटारसायकल चालते. पक्ष्याला पर्याय निघालेला नाही. गुरुजींनी आपल्या वडिलांच्या पिंजऱ्यातल्या होल्यावर लेख लिहिला होता. सगळ्या सभ्य साप्ताहिकांनी तो परत केला. छापला तो एवढ्या एका मासिकाने.

"अहो, सापडलं का काही?" त्यांच्या बायकोने, रुमिनाहने, तळलेली केळी पुढे ठेवत विचारलं.

"बायका आहेत. पण पुऱ्या कपड्यांत."

"मग पुरुष विकत कशाला घेतात?"

"आशेने."

"मग तुमचं तोंड का उतरलंय?"

गुरुजींनी पान उघडून दाखवलं. 'माझ्या वडिलांचा पक्षी', आणि खाली त्यांचं नाव. तिथल्या भाषेत पक्षी या शब्दाचा दुसरा, कमरेखालचा अर्थ शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो.

"जन्मभर भाषा शिकवलीत ना तुम्ही?" रुमिनाह म्हणाली. "मामंजींचा पक्षी. आणि तोही ह्या मासिकात."

"अंकात आक्षेप घेण्यासारखं दुसरं काहीच नाही. काही बोललो नाही, तर कुणाला कळणार नाही."

"मग नका बोलू," ती म्हणाली. बशी आत नेताना दारात थांबली. "लिहिलंय मात्र चांगलं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर समिती मशिदीच्या ओसरीवर बसली. अंकात काही सापडलं नाही, असं गुरुजींनी सांगितलं. ते सभेच्या जिवाला लागलं. हाजींनी अंक ओढून घेतला, पानं उलटली आणि ते थबकले.

"हे काय मग? 'माझ्या वडिलांचा पक्षी'. इतकं उघड?"

"मोठ्याने वाचा," कुणीतरी म्हणालं. "खात्री झालेली बरी."

खाली लेखकाचं नाव होतं, पण हाजींची नजर शीर्षकावरून हलेना. ते वाचू लागले. वडील पहाटे पिंजरा उतरवून होल्याला भात घालायचे आणि त्याच्याशी पुटपुटायचे. शेवटच्या आजारात वाचा गेली, तेव्हा बोटाने खूण करून त्यांनी पिंजरा उशाशी ठेवून घेतला. होला गप्पच राहिला. दफनाहून सगळे परतले, तेव्हा तो घुमला. "आता उत्तर देतोय," आई म्हणाली.

हाजींचा आवाज हळू झाला. समितीतल्या प्रत्येकाच्या घरी पिंजरा होता.

"माणूस जाणकार आहे," ते म्हणाले. "पण एक थाप मारलीय. होल्याला भात कुणी घालत नाही. राळे घालतात."

आता गप्प बसलं की गुरुजी सुटले होते.

"आमचे वडील घालायचे," गुरुजी म्हणाले.

हाजींनी खालचं नाव वाचलं, मग गुरुजींकडे पाहिलं.

"गुरुजी, तुम्ही? नागड्या बायकांच्या मासिकात?" खजिनदार म्हणाला.

"एकही नागडी नाही. तुम्हीच तपासायला सांगितलं होतंत."

"पत्र तर जाणारच," हाजी म्हणाले. "सगळ्या मोहल्ल्यांची जातायत."

"जाऊ दे. मी सही करणार नाही."

ह्यावर वाद व्हायला हवा होता. पण हाजींनी लेखाची पानं हलकेच फाडून घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि उरलेलं मासिक खजिनदाराकडे सरकवलं. "आता ह्यात आक्षेप घ्या काय तो."

पत्र गेलं. व्याकरण गुरुजींनीच तपासलं, सही मात्र केली नाही. पुढचे काही दिवस ओसरीवर त्यांच्या शेजारी कुणी बसेना.

मग एकदा हाजी येऊन बसले. इकडेतिकडे पाहत त्यांनी आवाज खाली आणला.

"भात गरम घालायचे, की गार?"

"गार," गुरुजी म्हणाले. "हाताने मोकळा केलेला."